ब्रेकवर थरथरणारं स्टिअरिंग

त्या वर्षी आम्ही तिघं माझ्या गाडीनं अपडाऊन करायचो. सकाळी औरंगाबादहून देवगाव रंगारीच्या शाळेत जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. मी गणित शिकवायचे. माझ्या शेजारी पुढच्या सीटवर आमचे एक सर बसायचे, मराठी शिकवणारे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. मागं एक तरुण मॅडम असायची. ती नुकतीच बदलून आली होती आणि पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणायची. गाडी माझी होती. छोटी, पांढरी, दुसऱ्याच्या हाताखालून आलेली. शाळेत गाडी चालवत येणारी बाई मी एकटीच होते, आणि हे मला आवडायचं. खोटं कशाला बोलू.

रस्ता पाठ झाला होता. शरणापूर, दौलताबादचा किल्ला, घाटातली ती एकावेळी एकच गाडी जाईल एवढी दगडी कमान, वर कागजीपुरा, खुलताबाद, मग वेरूळचा उतार आणि पुढं सपाट रस्ता. जाताना वेरूळचा घाट उतरायचा, येताना दौलताबादचा. म्हणजे रोज दोन उतार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यात वेरूळच्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग हातात थरथरलं. मनगटापर्यंत कंप आला. पाय उचलला, थांबलं. परत दाबला, परत आलं.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, असा एकदम नका दाबू. पाय हलका ठेवा."

"हलकाच आहे सर."

"मग खड्डा असंल."

खड्डा नव्हता. पण मी हो म्हटलं.

आठवड्याभरात ते रोजचं झालं. सरळ रस्त्यावर गाडी लोण्यासारखी जायची. वेग घेतला तरी काही नाही. ब्रेक लावला की स्टिअरिंग डावीउजवीकडं भराभर हलायचं. हळू वेगात कमी, उतारावर जास्त. मी घराजवळच्या गॅरेजात गाडी नेली. तिथल्या माणसानं टायरांकडं पाहिलं आणि सांगितलं, "अलाइनमेंट गेली आहे, बॅलन्सिंग करावं लागेल." दोन्ही केलं. चाकांना शिशाचे छोटे तुकडे चिकटवले. दुसऱ्या दिवशी वेरूळच्या उतारावर स्टिअरिंग तसंच थरथरलं.

मग दुसरं गॅरेज. तिथं पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलले. जुने पॅड मला दाखवले. डाव्या चाकाचा एक पॅड पातळ झालेला, बाकीचे बरे होते. हे असं का, असं मी विचारलं तर तो म्हणाला, "होतं कधी कधी." चार दिवस गाडी छान चालली. मी सरांना म्हटलं, "बघा, पॅडच होते." पाचव्या दिवशी थरथर परत आली, आणि आधीपेक्षा जोरात.

 त्या दिवशी सरांनी खिडकीवरची कडी घट्ट धरली होती.

इथं मला माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. त्यांना कंपवात होता. सुरुवात कुणाच्याच लक्षात आली नव्हती. त्यांची सही लहान होत गेली, आणि एक दिवस बँकेनं सही जुळत नाही म्हणून स्लिप परत केली. ते बँकेतून घरी आले आणि पाटावर बसून एका कोऱ्या कागदावर स्वतःचं नाव पंधरा-वीस वेळा लिहीत राहिले. तेव्हा मी कॉलेजात होते. पुढची नऊ वर्षं मी त्यांच्या हातांकडं पाहत काढली. चहाची बशी, शर्टाची बटणं, शेवटी घास. हे सुरू झालं तेव्हा त्यांचं वय माझ्या त्या वर्षीच्या वयापेक्षा फक्त सहा वर्षांनी जास्त होतं.

त्यामुळं दोन गॅरेज करूनही थरथर राहिली तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी कुणाला सांगितलं नाही. घरात कुणी नसताना मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून हात समोर ताणले आणि पंज्यावर वहीचा एक कागद ठेवला. वडिलांना डॉक्टरांनी असंच करायला सांगितलं होतं. कागदाची टोकं हलत होती. खिडकी लावली. पंखा बंद केला. तरी हलत होती. हात खाली घेतले, पुन्हा ताणले. जितकं बघावं तितकं जास्त हलायचं.

शाळेत फळ्यावर वर्तुळ काढताना मी मधेच थांबायला लागले. मुलांना वाटायचं मी विचार करते आहे.

डिसेंबरात एका संध्याकाळी दौलताबादचा घाट उतरताना समोरून कमानीत एक एसटी घुसली. मी वेळेवर ब्रेक लावला होता, अंतरही बरंच होतं. पण स्टिअरिंग इतकं हललं की सरांच्या मांडीवरची पिशवी खाली पडली. एसटी निघून गेली. आम्ही कमानीतून बाहेर पडलो. पडेगाव आलं. सर उतरताना दार धरून उभे राहिले.

"मॅडम, मी उद्यापासून बसनं येतो."

"सर, मी गाडी परत दाखवते."

"दोनदा दाखवली की तुम्ही." त्यांनी मागं बसलेल्या मॅडमकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "राग मानू नका. लई दिवस झालं, मी बघतोय. गाडीचं ऱ्हाऊ द्या. एकदा तुमचे हात दाखवा कुणाला तरी."

ते प्रेमानं बोलले होते, म्हणूनच ते जास्त लागलं. मी मान हलवली आणि गाडी पुढं घेतली. मागं बसलेली मॅडम थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, मी तुमच्याच बरोबर येणार. बसमध्ये धक्के लई लागतात मला." तिला सहावा महिना लागला होता.

मी तेव्हाच तिला नाही म्हणायला हवं होतं. पण एक माणूस माझ्या हातांवर विश्वास ठेवतंय, एवढ्या एका गोष्टीला मी धरून राहिले. ती दुसऱ्या दिवसापासून सरांच्या जागी पुढं बसायला लागली. मी उतारावर दुसऱ्या गिअरात गाडी घ्यायचे, मागच्यांचे हॉर्न ऐकत. ब्रेक जवळजवळ वापरायचेच नाही. डॉक्टरकडं गेले नाही. गेले असते आणि त्यांनी ते नाव उच्चारलं असतं तर काय केलं असतं, हे मला माहीत नव्हतं.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही खुलताबाद सोडलं आणि वेरूळच्या उताराला लागलो. ऊन स्वच्छ होतं. तिला सातवा महिना सुरू होता. शाळेतल्या स्नेहसंमेलनात कुठलं गाणं बसवायचं यावर ती बोलत होती. दुसऱ्या वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर चढत येत होता, मागं दोन ट्रॉल्या. आणि त्याला ओलांडून एक सहलीची बस सरळ आमच्या बाजूला आली.

मी ब्रेकवर पूर्ण पाय दिला.

स्टिअरिंग हातात उसळायला लागलं. मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि जितकं घट्ट धरलं तितकं ते दंडापर्यंत हादरवत राहिलं. गाडी डावीकडं ओढायला लागली. मी उजवीकडं धरून ठेवलं. बसचा आरसा माझ्या खिडकीजवळून गेला. डावी चाकं डांबर सोडून मुरुमात गेली, खालून दगड वाजले, आणि कठड्याच्या दगडापासून हातभर अंतरावर गाडी बंद पडून थांबली.

जळल्याचा वास येत होता. बस थांबली नाही. ट्रॅक्टरवाला थोडं पुढं जाऊन थांबला आणि मागं वळून पाहत राहिला.

"लागलं का?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. दोन्ही हात पोटावर होते. पट्टा ताणलेला होता, तो मी सोडवला. ती समोर बघत होती, मग डोळे मिटले. मला वाटलं घाबरली आहे. मग ती म्हणाली, "ताई, हलत नाही."

"काय हलत नाही?"

"सकाळपासून हलत होतं. घरातून निघताना पण. आता हलत नाही."

मी किल्ली फिरवायला गेले आणि हात मागं घेतला. त्या गाडीत तिला बसवून मी आता एक फूटही नेणार नव्हते. उतरून रस्त्यावर उभी राहिले. वर चढणाऱ्या एका काळीपिवळी जीपला हात केला. जीप भरलेली होती. ड्रायव्हरनं आमच्याकडं पाहिलं, पुढच्या सीटवरच्या दोघांना काही न विचारता खाली उतरवलं आणि म्हणाला, "बसा ताई, दवाखान्यात ना?" खुलताबादपर्यंत तो हळू, खड्डे चुकवत गेला. मी तिचा हात धरला होता. तिचा हात गार पडला होता. माझा थरथरत होता, आणि या वेळी ते खरंच माझ्या हातांचं होतं.

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला टेबलावर झोपवलं, पोटावर हात फिरवून बाळ कुठं आहे ते चाचपलं आणि नळी लावून ऐकायला वाकली. एका जागी ऐकलं. मग दुसऱ्या. मग पहिल्या जागी परत. तिचा चेहरा बघून काही कळत नव्हतं. बाहेर कुणीतरी केसपेपरसाठी भांडत होतं. सिस्टरनं तिकडं न बघताच "गप्प बसा" म्हटलं, आणि भांडण थांबलं. ती तिसऱ्या जागी वाकली. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. टेबलावरची मॅडम छताकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं चाललं होतं.

सिस्टर सरळ झाली. तिनं नळीची टोकं स्वतःच्या कानातून काढली आणि मॅडमच्या कानात घातली.

"ऐक. घोड्यासारखं पळतंय."

मॅडमनं ऐकलं आणि मोठ्यानं रडायला लागली. मग सिस्टर मला रागावली. हिला आधी गोड काहीतरी खायला घाला म्हणाली, डाव्या कुशीवर निजवा, आणि संध्याकाळच्या आत शहरात सोनोग्राफी करून घ्या. अर्ध्या तासानं बाळानं लाथ मारली. तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला, पण मला काही जाणवलं नाही.

दवाखान्यातून फोन केल्यावर तिचा नवरा शहरातून दीड तासात आला. वाळूजच्या एका कारखान्यात तो नोकरीला होता, कामावरच्या कपड्यांतच आला होता. सिस्टरशी बोलला, बायकोशी बोलला. जाताना माझ्यासमोर थांबला, पण माझ्याकडं बघितलं नाही.

"ताई, ती आता तुमच्या गाडीत बसणार नाही," एवढंच म्हणाला.

मी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर तिथं ऊन खात होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. गाडीला काय झालं, असं त्यानं विचारलं आणि मी पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं, अलाइनमेंट, पॅड, सगळं. फक्त हातांचं सोडून. तो म्हणाला, "मॅडम, रोशन गेटजवळ एक चाचा आहेत. ब्रेकचंच काम करतात, दुसरं काही हातात घेत नाहीत. आमच्या गाड्या त्यांच्याकडंच जातात." त्यानं दवाखान्याच्या फोनवरून निरोप दिला.

दुपारी चाचा स्कूटरवर आले. सत्तरीच्या आसपासचे असावेत, पांढरी दाढी, नाकावर चष्मा, पायांशी अवजारांची पिशवी. आम्ही दोघं उतारावर गाडीपाशी गेलो. त्यांनी आधी गाडीला हात लावला नाही. मुरुमातल्या चाकांच्या खुणा चालत जाऊन पाहिल्या. मग प्रश्न सुरू केले.

"ब्रेक मारल्यावरच हलते? का वैसे बी?"

"फक्त ब्रेकवर."

"स्टिअरिंग हलते का सीट बी हलती?"

मी कधी विचारच केला नव्हता. आठवून सांगितलं, "स्टिअरिंगच. सीट नाही."

"हौ. तो फिर आगे का काम है. मागचं असतं तर बसल्या जागी कळलं असतं." ते म्हणाले. "चला, चालवून दाखवा. वर सपाटीला नेऊ."

 गाडीतली किल्ली काढून त्यांनी माझ्यापुढं धरली.

"चाचा, माझ्याच्यानं होणार नाही," मी म्हटलं. आणि मग जे दीड महिना कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी माणसाला रस्त्याच्या कडेला सांगून टाकलं. "माझे हात थरथरतात. वडिलांना कंपवात होता. गाडीत काही दोष नसेलच कदाचित."

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं नाही. "तो तुम बाजू में बैठो," म्हणाले आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले.

पहिल्या गिअरात त्यांनी गाडी वर चढवली. सपाट, मोकळा रस्ता आल्यावर वेग घेतला. त्यांचे हात स्टिअरिंगवर शांत होते, काळवंडलेले, नखं कापलेली. आधी त्यांनी हँडब्रेक हळूहळू ओढला. तो फक्त मागची चाकं धरतो. गाडी काही न होता मंद झाली. पुन्हा वेग घेतला. मग पायाचा ब्रेक दाबला.

त्यांचे हात थरथरले.

मनगटापासून कोपरापर्यंत, माझे थरथरायचे तसेच. त्यांनी पाय उचलला, हात शांत. दाबला, हात हलले. त्यांनी मुद्दाम चार-पाच वेळा केलं. मी त्यांच्या हातांवरून नजर काढू शकले नाही. काय झालं मला, कळलं नाही, मी पदर तोंडाला लावला. रडणं नव्हतं ते अगदी, पण श्वास सुटल्यासारखं काहीतरी आतून आलं.

"देखा?" चाचा म्हणाले. "मेरे को कौनसा बीमारी है?"

गाडी कडेला घेऊन ते उतरले. उजव्या चाकाजवळ हाताचा मागचा भाग नेला, न टेकवता. मग डाव्या चाकाजवळ नेला आणि झटकन मागं घेतला. मलाही तसंच करायला लावलं. उजवं चाक कोमट होतं. डाव्यातून तव्यासारखी धग येत होती. एवढ्याशा सपाट रस्त्यावर.

त्यांनी डावं चाक खोललं. आत जी लोखंडी तबकडी असते, डिस्क, तिला दोन्ही बाजूंनी पॅड पकडतात तेव्हा गाडी थांबते. पॅड धरणारा साचा दोन पिनांवर मागंपुढं सरकायला हवा. त्यातली एक पिन गंजून जाम झाली होती. त्यामुळं ब्रेक सोडला तरी एक पॅड डिस्कला घासतच राहायचा. म्हणून तो एकच पॅड पातळ झाला होता, आणि ज्यानं तो बदलला त्यानं पिनेकडं पाहिलंच नव्हतं.

"पण एवढ्यानं स्टिअरिंग हलत नाही," चाचा म्हणाले. चष्मा वर सरकवून त्यांनी डिस्कवरचे निळसर डाग पाहिले. "ये गरम लोखंडावर कुणी थंड पाणी मारलं का?"

मी नाही म्हणणार होते. शब्द ओठांवर आला होता. मग आठवलं.

दिवाळीच्या आधी, सुट्टी लागायच्या दिवशी, वेरूळचा घाट उतरल्यावर डाव्या चाकातून वास आला होता. आम्ही तिघं खाली उतरलो होतो. सर म्हणाले होते, "थांबू द्या गाडी थोडी." मला शाळेला उशीर होत होता. मी डिकीतलं पाण्याचं कॅन काढून चाकावर ओतलं होतं. चर्र आवाज झाला, वाफ आली, वास गेला. मला वाटलं होतं, झालं काम.

"मीच," मी म्हटलं.

चाचांनी मान डोलावली. "तापलेलं होतं, एका बाजूनं थंड झालं. आता सारखं नाही राहिलं." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पिन तात्पुरती ठोकून मोकळी करून त्यांनी चाक बसवलं आणि दुसऱ्या गिअरात गाडी स्वतः शहरात नेली. उतारावर ठेवलेली त्यांची स्कूटर घेऊन मी मागं मागं गेले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांच्या दुकानात बसून राहिले. खरं तर मला पुरावा हवा होता. आदल्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं होतं तरी सकाळी उठल्यावर परत शंका आली होती. सत्तरीच्या म्हाताऱ्याचे हात, कुणास ठाऊक. चाचांनी गाडी जॅकवर घेतली, डिस्कच्या कडेशी एक घड्याळासारखं मोजमापाचं यंत्र टेकवलं आणि डिस्क हातानं हळू फिरवायला सुरुवात केली. काटा शांत होता, मग सरकायला लागला, खूप पुढं गेला, आणि फेरा पूर्ण होताना परत मागं आला. त्यांनी पुन्हा फिरवलं. काटा पुन्हा तितकाच गेला आणि तितकाच आला. उजव्या चाकावर तेच यंत्र लावलं. तिथं काटा जेमतेम हलला.

मी गणिताची शिक्षिका. एकाच जागी, दर फेऱ्याला, तेवढाच फरक. मग कुठं माझ्या मनातून ते गेलं.

"खराद मशीनवर घासून सरळ होईल का?" मी विचारलं.

त्यांनी मापानं जाडी बघितली आणि नको म्हणाले. आधीच पातळ झाली होती, अजून घासली तर तडकायची भीती. नवीन डिस्क घालायच्या, आणि दोन्ही बाजूंना, म्हणजे दोन्ही चाकं सारखी धरतील. जुनी डिस्क काढल्यावर तिच्या मागच्या बैठकीवर गंजाचा थर होता. तो त्यांनी तारेच्या ब्रशनं चकचकीत होईपर्यंत घासला. इथं नखाएवढा गंज राहिला तरी नवी डिस्क वाकडी बसते, म्हणाले. चारही पिना साफ केल्या, नवीन रबर, त्यांचं वेगळं ग्रीस. पॅडही परत नवीन. चाकाचे नट एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. शेवटी दोन्ही डिस्कना यंत्र लावून काटा मला दाखवला.

मग किल्ली परत माझ्यासमोर धरली. या वेळी मी घेतली.

नवीन ब्रेक कसा बसवायचा ते त्यांनी शेजारी बसून सांगितलं. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, मध्यम दाबायचा, पूर्ण थांबायचं नाही, सोडायचा, परत वेग घ्यायचा. असं आठ-दहा वेळा. "और गरम गाडी को पानी नक्को," म्हणाले. "सबर."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच शाळेत गेले. वेरूळच्या उतारावर त्या वळणाच्या आधी मी सवयीनं दुसरा गिअर टाकला. मुरुमात माझ्या चाकांच्या खुणा अजून होत्या. मागं कुणी नाही बघून मी ब्रेक दाबला. स्टिअरिंग स्थिर राहिलं. आणखी दाबला. गाडी सरळ, गुपचूप मंद झाली. हात जिथं होते तिथंच होते. खाली उतरून कडेला पाच मिनिटं थांबले.

मधल्या सुट्टीत मी सरांना गाठलं. पिनेचं सांगितलं. पाण्याचंही सांगितलं, ते सांगणं जास्त जड गेलं. सर डबा उघडा ठेवून ऐकत राहिले.

"म्हंजे हात ठीक हायेत तुमचे."

"हो सर."

"आन् मी काय बोललो तुम्हाला." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. "घरी बायकोला पण बोललो होतो. म्हटलं बिचारीचं कसं होणार." मग म्हणाले, "संध्याकाळी येऊ का?" संध्याकाळी ते आले. पण मागच्या सीटवर बसले. पुढं यायला त्यांना दहा-बारा दिवस लागले.

तरुण मॅडमनं घाटातल्या त्या दिवसापासूनच रजा घेतली होती. तिला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची. मी बाळंतविडा घेऊन गेले तेव्हा नवरा घरीच होता. त्यानं चहा दिला आणि आत निघून गेला. पाण्याचं मी मॅडमला तिथंच सांगितलं. ती बाळाचा लंगोट बदलत होती. "मग तुम्ही सरांचं ऐकायला पाहिजे होतं ताई," एवढं म्हणाली. ते बरोबर होतं.

तिची रजा संपल्यावर, ती परत शाळेत रुजू व्हायच्या दिवशी मी पडेगावच्या थांब्यावर सरांना घेत होते. तिथं ती पर्स घेऊन उभी होती आणि शेजारी तिचा नवरा. मला वाटलं, तो तिला बसमध्ये बसवून द्यायला आला असावा. तो माझ्या खिडकीशी आला.

"ताई, राग मानू नका. मला एकदा घाटातून नेऊन आणता का? आधी मला एकट्याला."

सर खाली उतरले. तो शेजारी बसला, पट्टा लावला. आम्ही दौलताबादचा घाट चढलो, वर गाडी वळवली आणि उतरायला लागलो. तो माझ्या हातांकडं सरळ बघत होता, लपवतही नव्हता. कमानीच्या अलीकडं समोरून ट्रक आला. मी ब्रेक लावला, थांबले, ट्रकला आधी जाऊ दिलं. 

"परत एकदा लावा," तो म्हणाला. "जोरात."

मागं बघून मी लावला. तो पुढं झुकला आणि परत सीटला टेकला.

थांब्यावर परत आलो तेव्हा शाळेला उशीर झाला होता. तो उतरला, गाडीला वळसा घालून बायकोपाशी गेला आणि मागचं दार उघडून धरलं. ती आत बसल्यावर त्यानं दार लावलं, नीट लागलं का ते एकदा ओढून बघितलं, आणि खिडकीतून मला म्हणाला, "दुपारी दोन वाजता ती फोन करून मुलीची खबर घेईल. तेवढा वेळ तिचा वर्ग तुम्ही बघा."